इंदिरानगर ते पंचवटी, व्हाया मुंबई

२०१९च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, तेव्हा गंगाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता. नाशिककराला पुराचं माप क्युसेकमध्ये सांगावं लागत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं की गळ्याला, एवढं कळलं की पुरतं. त्या दिवशी पोलीस पुलावर कोणाला सोडत नव्हते. आई पंचवटीत, मी इंदिरानगरात. मध्ये पाच-सहा किलोमीटर आणि नदी. दोन्ही घरांत वीज होती, दोन्ही घरांत वायफायचे दिवे लागलेले होते. मोबाइलला रेंज दिसत होती पण फोन लागत नव्हता, म्हणून मी ॲपवरून लावत होतो. तोही लागेना. फक्त 'कनेक्टिंग' आणि शांतता.

शेवटी आमच्या भागातल्या ब्रॉडबँडवाल्या मुलाला गाठलं. तो भिजत उभा होता, आवाज थकलेला. म्हणाला, "काका, तुमच्या घरापर्यंत सगळं ओके आहे. आमची अपलिंकच गेलीय, मुंबईची." अपलिंक म्हणजे प्रोव्हायडरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी तार.

मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. एमडीएफवर, म्हणजे शहरातल्या सगळ्या लाइनी जिथे येऊन मिळतात त्या चौकटीवर, जंपर ओढण्यापासून एक्स्चेंजच्या स्विचरूमपर्यंत सगळीकडे हात घातला आहे. त्या मुलाचं वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आमच्या काळात मुंबईची ट्रंक, म्हणजे दोन शहरांच्या एक्स्चेंजना जोडणारी लाइन, पडायची, घाटात केबल तुटायची, मायक्रोवेव्हचा दुवा पावसात गळायचा. एसटीडी बंद व्हायचं आणि लोक आम्हाला शिव्या द्यायचे. पण त्याच वेळी पंचवटीतला माणूस नाशिकरोडच्या माणसाशी बोलत असायचा. ०२५३ न लावता फिरवलेला नंबर शहराबाहेर जायचंच कारण नव्हतं. मुंबईची ट्रंक पडली म्हणून नाशिकचा लोकल कॉल अडलेला मी पाहिला नाही.

आज इंदिरानगरातून पंचवटीला केलेला फोन मुंबईला जाऊन परत येतो. पूर ओसरल्यावर मी आईच्या घरी बसून ट्रेसरूट, म्हणजे पाकीट कुठून कुठून जातं ते दाखवणारा प्रोग्राम, चालवून बघितला. माझा प्रोव्हायडर वेगळा, तिचा वेगळा, आणि त्या दोघांची गाठ पडते ती मुंबईत. हे मला मान्य नाही. नाशिकमधल्या दोन घरांचं बोलणं नाशिकमध्येच झालं पाहिजे. बाहेरचं जग तुटलं तरी ते चालू राहिलं पाहिजे. हे करण्याचं तंत्र नवं नाही, वीस वर्षांपूर्वी जगभर वापरून झालेलं आहे. आपण ते सोडून दिलं. का सोडलं आणि त्यातलं काय परत आणायला हवं, ते सांगायला हा लेख लिहितो आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये इंटरनेटवरून फोन करण्याचं स्काइप आलं. स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रोम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस हे त्याचे संस्थापक, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे एस्टोनियाचे. याच मंडळींनी आधी कझा नावाचं फायली वाटून घेण्याचं जाळं उभं केलं होतं. गाण्याची फाइल एका घरातल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवर थेट जाऊ शकते, तर आवाज का नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी एक्स्चेंजच काढून टाकलं. नाव आणि पासवर्ड तपासणारा लॉगिन सर्व्हर तेवढा कंपनीकडे होता. बाकी कोण ऑनलाइन आहे ते शोधणं, दोघांची गाठ घालणं आणि आवाज वाहून नेणं हे सगळं वापरणाऱ्यांचे कॉम्प्युटर आपसांत करत होते. आयुष्यभर एक्स्चेंज सांभाळलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता.

यातलं खरं अवघड काम आवाज नेण्याचं नाही, दार उघडण्याचं आहे. ते समजायला जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर एक मोठा दरवाजा, आत चौकाभोवती दहा बिऱ्हाडं. पोस्टमनला ठाऊक असतो फक्त वाड्याचा पत्ता. आतलं कोणतं बिऱ्हाड कुठे, हे दारावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात. त्याचा नियम असा, की आतून कोणी बाहेर पत्र धाडलं असेल तर त्याचं उत्तर आत घ्यायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. न बोलावता आलेलं पत्र परत. तुमच्या घरातला राउटर हेच करतो. घरातल्या टीव्हीला, फोनला, लॅपटॉपला तो आतले नंबर देतो आणि बाहेर सगळ्यांच्या वतीनं एकच पत्ता दाखवतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. जगातल्या माणसांना एकेक पुरत नाही, यंत्रांची तर बातच सोडा. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून वाडा आला.

आता दोन वाड्यांतल्या दोन बिऱ्हाडांना एकमेकांना पत्र पाठवायचं आहे आणि दोन्ही दारांवर नियम तोच. पहिलं पत्र कोणीही पाठवलं तरी समोरचा दारवान परत करणार. यावर काढलेली युक्ती मला आजही सुंदर वाटते. दोघांच्या ओळखीचा बाहेरचा एक तिसरा माणूस दोघांना एकमेकांच्या वाड्याचा पत्ता आणि दाराचा नंबर सांगतो, आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांना पत्र धाडतात. माझं पत्र तुमच्या दाराशी पोचतं तेव्हा तुमचं पत्र नुकतंच बाहेर पडलेलं असतं. दारवानाला वाटतं, हे त्याचंच उत्तर, आणि तो ते आत सोडतो. तुमच्या पत्राचं माझ्या दारात तसंच होतं. दोन्ही दारं उघडतात आणि तिसरा माणूस बाजूला होतो. पुढचं सगळं बोलणं थेट. आज ब्राउझरमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलच्या मुळाशी हीच युक्ती आहे. बाहेरून आपला पत्ता विचारून घेण्याच्या पद्धतीला स्टन म्हणतात, सगळ्या वाटा तपासून चालणारी निवडण्याच्या पद्धतीला आइस, आणि काहीच जमलं नाही तर मधल्या यंत्रामार्फत बोलणं नेण्याला टर्न.

काहीच जमत नाही, असं कधी होतं? दारवान जास्त कडक असला की. काही राउटर प्रत्येक वेगळ्या पत्त्यासाठी वेगळा दाराचा नंबर देतात, त्यामुळे तिसऱ्यानं सांगितलेला नंबर तुमच्या कामाचा राहत नाही. आणि दुसरं कारण आपल्याकडचं: वाड्याच्या बाहेर आणखी एक वाडा. पत्ते वाचवायला प्रोव्हायडर अख्ख्या आळीला, कधी अख्ख्या कॉलनीला एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतो. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. माझ्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १०० पॉइंट ६४ नं सुरू होणारा आकडा दिसत होता. तो आकडा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांतला आहे. म्हणजे बाहेरच्या जगासाठी माझ्या घराला स्वतःचा पत्ताच नव्हता. महिन्याचे पैसे इंटरनेटचे घेतात, आणि देतात ते एकतर्फी इंटरनेट. आतून बाहेर मागता येतं, बाहेरून आत कोणी दार वाजवू शकत नाही. टेलिफोन खात्यानं ग्राहकाला असा फोन दिला असता, की ज्यावरून लावता येतो पण ज्यावर कोणाचा येत नाही, तर लोकांनी कचेरीवर मोर्चा आणला असता.

स्काइपनं या अडचणीवर काढलेला तोडगा हुशारीचा होता आणि त्यात एक खोटही होती. ज्यांच्याकडे स्वतःचा खुला पत्ता, चांगली लाइन आणि तासन्‌तास चालू राहणारा कॉम्प्युटर आहे, असे वापरकर्ते सॉफ्टवेअर आपलं आपण हेरायचं आणि त्यांना सुपरनोड करायचं. मग सामान्य वापरकर्त्यांची नोंद ते ठेवत, त्यांचे शोध पुढे पाठवत, आणि थेट दार उघडलं नाही तर दोन अनोळखी माणसांचं बोलणं अशाच एखाद्या तिसऱ्याच्या लाइनीतून वाहायचं. गावातल्या एखाद्या घरी टेलिफोन असावा आणि सगळ्या आळीचे निरोप त्यानं पोचवावेत, तसं. फरक एवढाच, की आळीतल्या त्या माणसाला विचारलेलं असायचं. इथे संमती वापराच्या अटींच्या लांबलचक मजकुरात दडलेली. काही विद्यापीठांनी स्काइपवर बंधनं घालायचा विचार केला तो याच कारणानं, त्यांची मोठी बँडविड्थ परक्यांच्या बोलण्याला लागत होती. अशा पी-टू-पी, म्हणजे मध्ये सर्व्हर न ठेवता यंत्रं थेट जोडणाऱ्या, जाळ्याचा मी पक्षपाती आहे, पण ही गोष्ट चुकीची होती. दुसऱ्याची लाइन वापरायची तर त्याला सांगून वापरावी.

हे जाळं चालायचं कसं? जे म्हणतात की पी-टू-पी म्हणजे कामचलाऊ, त्यांना आकड्यांत उत्तर देतो. बोलताना एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागला तर माणसाला काही जाणवत नाही. ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस. ४०० च्या पुढे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. या १५० चा हिशोब मांडा. आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं, तेव्हा पहिले २० तिथेच गेले. पलीकडे पाकिटं पुढेमागे पोचतात, ती रांगेत लावायला थोडं थांबावं लागतं, त्याला आणखी तीसेक ते साठ. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा नाशिक-मुंबईच्या १७० किलोमीटरला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही.

म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, मुंबईला जाऊन येण्यानं आवाजाला उशीर होतो ही माझी तक्रार नाही. तो उशीर कोणाला कळणारही नाही. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा घरातच. मुलगा लग्नाचा व्हिडिओ अपलोड करत असतो आणि राउटर त्याची पाकिटं रांगेत साठवत राहतो. आवाजाची चिमुकली पाकिटं त्या रांगेच्या शेपटाला अडकतात, आणि काही शे मिलिसेकंद तिथेच जातात. रांगेला न्याय्य पाळी लावणारे राउटर बाजारात आहेत, पण प्रोव्हायडर जो डबा देऊन जातो तो तसा असतोच असं नाही.

वजनाचंही बोलू. जुन्या एक्स्चेंजच्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागायचे. तोच आवाज इंटरनेटच्या पाकिटांत घातला की पत्त्यांचं ओझं धरून ८० होतात. पुढे ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज कमी जागेत बसवण्याची पद्धत, आला. सप्टेंबर २०१२ मध्ये तो मानक झाला आणि त्यातला अर्धा भाग स्काइपच्याच घरचा, सिल्क नावाचा. तो १६ किलोबिटमध्येही ऐकायला चांगला लागतो. त्या वेगाला प्रत्येक पाकिटात आवाजाचे ४० बाइट आणि पत्त्याचेही ४०, म्हणजे जेवढं पत्र तेवढंच पाकीट. पण कुठल्याही घरगुती लाइनला हे वजन काहीच नाही. काही पाकिटं हरवली तरी ओपस आधीच्या आवाजावरून फट भरून काढतो. थेट वाट मिळाली तर आवाजाच्या दर्जात पी-टू-पी कॉल कुठल्याही सर्व्हरवरच्या कॉलइतकाच चांगला. मधला टप्पाच नसल्यामुळे कधी कधी सरसही.

एका बाबतीत जुनं एक्स्चेंज उजवं होतं, हे मात्र मान्य करायला हवं. क्षमता संपली की ते नवा कॉल नाकारायचं. 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' हे वाक्य ऐकून लोक चिडायचे. पण जे आधीपासून बोलत होते त्यांच्या आवाजाला धक्का लागत नसे. इंटरनेट कोणालाच नाही म्हणत नाही. सगळ्यांना आत घेतं आणि मग सगळ्यांचाच आवाज तुटतो. गर्दीच्या दिवशी याची किंमत कळते.

मग हे जाळं सोडलं का? दोन दिवस सांगितले पाहिजेत. १६ ऑगस्ट २००७ ला विंडोजचे नेहमीचे सुधार उतरले, जगभरातले असंख्य कॉम्प्युटर जवळपास एकाच वेळी बंद होऊन चालू झाले आणि सगळे एकदम लॉगिनला धावले. जाळ्यानं आपोआप सावरायला हवं होतं, पण सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीनं ते सावरलं नाही. स्काइप सुमारे दोन दिवस बंद. दुसरा दिवस २२ डिसेंबर २०१० चा. काही सर्व्हरवर ताण आला, त्यांची उत्तरं उशिरा पोचली, आणि विंडोजवरची एक ठराविक आवृत्ती ती उशिराची उत्तरं मिळताच कोसळू लागली. ती आवृत्ती चालवणाऱ्यांत सुपरनोडही होते. त्यांतले पंचवीस ते तीस टक्के पडले. उरलेल्यांवर नेहमीच्या कित्येक पट भार आला, तेही स्वतःला वाचवायला बंद होऊ लागले. कंपनीनं शेवटी स्वतःचे मोठे सुपरनोड शेकड्यांनी, मग हजारांनी उभे करून जाळं उठवलं.

यावरून बऱ्याच जणांनी काढलेला निष्कर्ष असा, की लोकांच्या कॉम्प्युटरवर विसंबून टेलिफोन चालवता येत नाही. मला तो चुकीचा वाटतो. आपल्या निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला विचारा. शेजारीपाजारी शेकडो एकर एकाच वाणाची द्राक्षं असली आणि अवकाळी पाऊस झाला, की डाऊनी हा रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत जायला रात्र पुरते. बागा शंभर मालकांच्या असून उपयोग नाही, कारण झाड एकच आहे. स्काइपच्या जाळ्यात कोट्यवधी यंत्रं होती, पण सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं, बंद पेटीतलं, आणि लॉगिनचं दार एकच. वरून पाहिलं तर विखुरलेलं, मुळाशी एकजिनसी. ई-मेलमध्ये असं होत नाही. तिथे नियम खुले आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअर शंभर प्रकारचं आहे, आणि एक कोसळलं तर बाकीची उभी राहतात.

कंपन्यांनी मात्र दुसरा रस्ता धरला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेआठ अब्ज डॉलरला स्काइप घेतलं. २०१२ पर्यंत लोकांच्या घरातले सुपरनोड जाऊन त्यांच्या जागी कंपनीचे सुमारे दहा हजार सर्व्हर आले, पुढे सगळंच क्लाउडवर गेलं. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या गुप्त कागदांत अमेरिकेच्या प्रिझम या पाळत कार्यक्रमातल्या सेवांच्या यादीत स्काइप होतं. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. एका कंपनीनं ठरवलं आणि एक टेलिफोन जाळं जगाच्या नकाशावरून पुसलं गेलं.

क्लाउडवर जाण्याची कारणं खोटी नव्हती, हेही सांगतो. २००३ मध्ये जाळ्याचे सदस्य टेबलावरचे कॉम्प्युटर होते, दहा वर्षांत ते खिशातले फोन झाले. पी-टू-पी जाळ्यातल्या यंत्राला सारखं शेजाऱ्यांशी हालहवाल करत राहावं लागतं. कोण आलं, कोण गेलं, कोणाची नोंद कोणाकडे. विखुरलेल्या टेलिफोन डिरेक्टरीचं गणित फार सुंदर आहे. दहा लाख यंत्रांत एक माणूस शोधायला विसेक उड्या पुरतात, आणि यंत्रं दुप्पट झाली तर फक्त एक उडी वाढते. पण फोनच्या बॅटरीला ही सततची कुजबुज परवडत नाही, आणि फोन स्वतःच अशा ॲपला झोपवतो. म्हणून घंटी वाजवायचं काम अँड्रॉइडवर गूगलच्या आणि आयफोनवर ॲपलच्या सर्व्हरकडे गेलं. गटात बोलायचं तर अडचण आणखी मोठी. दहा जण थेट जोडले तर ४५ दुवे होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा व्हिडिओ नऊदा वर चढवावा लागतो. तिथे मधला सर्व्हर हवाच, यावर मी वाद घालणार नाही.

आणि एक भीती रास्त आहे. थेट कॉलमध्ये समोरच्याला तुमचा इंटरनेटचा पत्ता कळतो, त्यावरून ढोबळ ठिकाणही. एखाद्या बाईला छळणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला असेल तर हे धोक्याचं आहे. व्हॉट्सॲपनं २०२३ मध्ये कॉल सर्व्हरमार्फत नेऊन पत्ता लपवण्याची सोय दिली. सिग्नलमध्ये तशी सोय आहेच. ती असलीच पाहिजे. पण त्या सोयीवरूनच एक गोष्ट कळते. दोघांतला व्हॉट्सॲप कॉल जमेल तिथे आजही थेटच जोडला जातो. पी-टू-पी मेलेलं नाही. तुमच्या खिशात आहे, फक्त त्याच्या किल्ल्या तुमच्याकडे नाहीत.

माझी तक्रार त्या किल्ल्यांबद्दल आहे. त्या पुराच्या दिवशी माझ्या आणि आईच्या घरामधला रस्ता तीन ठिकाणी अडला होता, आणि तिन्ही गोष्टी नाशिकमध्ये सुटण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट पत्त्याची. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. मोबाइल कंपन्यांमुळे आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात वरच्या देशांत आहे. तरी माझ्या घरच्या तारेच्या लाइनीवर ते नव्हतं. सहा महिने मागे लागल्यावर मिळालं, आणि ते सुरू करायला त्यांना एक दुपार लागली. दारावर पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, हवाच. पण आता दार माझं आहे, अख्ख्या आळीचं एक नाही. शहरात केबल टाकायला, खांब वापरायला, रस्ता खोदायला महापालिका परवानगी देते. त्या परवानगीत ही अट का नसावी? रस्ता आपला खोदायचा आणि पत्ता आपल्याला द्यायचा नाही, हा व्यवहार आपण खपवून घेतो आहोत.

दुसरी गोष्ट मिळणीची. शहरातल्या सगळ्या प्रोव्हायडरांनी एकमेकांची लोकल वाहतूक शहरातच एकमेकांना दिली पाहिजे. देशातली वाहतूक देशातच फिरावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली, कारण त्याआधी दिल्लीतून दिल्लीला जाणारं पाकीट परदेशात जाऊन यायचं. तोच न्याय शहराला लावा. लागतं काय? एका सुरक्षित इमारतीत रॅक, दोन स्विच, बॅटरी, जनरेटर, आणि पूररेषेच्या वरची जागा. शहरात जुन्या एक्स्चेंजच्या इमारती आहेत, बॅटरीच्या खोल्यांसकट. त्यांत आम्ही आयुष्य घालवलं, त्यामुळे जागेची अडचण कोणी मला सांगू नये. अडचण इच्छेची आहे. लहान प्रोव्हायडराला मुंबईतल्या मोठ्याकडून एकगठ्ठा बँडविड्थ घेणं सोपं पडतं, शेजारच्या स्पर्धकाशी बसून तार जोडणं अवघड जातं.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. पत्ता मिळाला, मिळण झाली, तरी आईचा फोन लागेलच असं नाही. कारण 'ती कुठे आहे' हे सांगणारा ॲपचा सर्व्हर शहराबाहेर आहे. आवाजाला वाट आहे, पण गाठ घालून देणारा तिसरा माणूस पुराच्या पलीकडे. म्हणून गावाला स्वतःची डिरेक्टरी हवी, खुल्या नियमांवर चालणारी. ती उभी करायला संशोधन लागत नाही. एसआयपीवर, म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडण्याच्या खुल्या नियमांवर, चालणारे सर्व्हर खुले आणि फुकट मिळतात. विखुरलेली डिरेक्टरी वापरणारं जामी नावाचं ॲप आहे. एकाच स्थानिक जाळ्यावर बाहेरच्या इंटरनेटशिवायही त्यातली यंत्रं एकमेकांना हुडकतात. हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर ऑस्ट्रेलियात सर्व्हल नावाचा प्रकल्प सुरू झाला. टॉवर पडले तरी फोन ते फोन वायफायवरून बोलता यावं, हाच त्याचा उद्देश. सगळ्या शहरानं उद्या ॲप बदलावं असं मी म्हणत नाही. पण सिव्हिल हॉस्पिटल, अग्निशमन दल, पोलीस नियंत्रण कक्ष, धरणावरचं ऑफिस आणि प्रत्येक प्रभागातलं एक ठिकाण यांच्यात तरी असा फोन हवा, की जो नाशिकच्या बाहेरच्या एकाही तारेवर अवलंबून नाही.

याची निकड आताच का, ते नाशिककराला वेगळं सांगायला नको. सिंहस्थ २०२६-२७ चा. इतर ठिकाणचे कुंभ हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्यात होतात, आपली पर्वस्नानं भर पावसाळ्यात. २०२७ चा पावसाळा, रामकुंडावरची गर्दी, तपोवनातलं साधुग्राम आणि वर गंगापूर धरण, हे सगळं एकाच आठवड्यात एकत्र येऊ शकतं. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळच्या चेंगराचेंगरीत माणसं गेली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना निरोप वेळेवर पोचण्याची किंमत ठाऊक आहे. लाखो फोन एका टॉवरखाली आल्यावर हवेतली जागाच संपते, आणि तिथे पी-टू-पी काही करू शकत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण घाटावरच्या चौक्या, दवाखाने, नियंत्रण कक्ष हे तारेनं किंवा स्वतंत्र वायफायनं जोडता येतात. त्यांचं बोलणं थेट नेता येतं, आणि एका ठरलेल्या संख्येच्या पुढे नवा कॉल नाकारून चालू असलेला कॉल जपण्याची जुनी शिस्त त्यात घालता येते.

कायद्याचं थोडक्यात. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी आहे, पुष्कळ बंधनांसह. ती २०१८ मध्ये बरीच सैल झाली. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या कंपनीनं इंटरनेट कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं, लोक उठले, ट्रायकडे दहा लाखांवर ई-मेल गेले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या दरांवर बंदी आली. सामान्य माणसाला यातलं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हा दाखला देतो. थेट आणि कुलूपबंद बोलण्यावर सरकारला लक्ष ठेवता येत नाही, हा आक्षेप मी नोकरीत असताना वरिष्ठांकडूनही ऐकला आहे. गुन्ह्याचा तपास व्हावा, पण त्यासाठी साऱ्या शहराचं बोलणं चार कंपन्यांच्या सर्व्हरवरून जायलाच हवं, ही मोजणी मला पटत नाही. वाड्यात चोर शिरेल म्हणून सगळ्या बिऱ्हाडांनी चावडीवर झोपावं, असं कोणी म्हणत नाही.

आता माझी मागणी. एक्स्चेंजमध्ये आम्ही ठरावीक काळानं एक चाचणी घ्यायचो. मुद्दाम मेन्स काढायचो आणि बघायचो, बॅटरी भार उचलते का, जनरेटर चालू होतो का. कागदावर सगळंच चालू असतं, खटका ओढल्यावर खरं कळतं. येत्या पावसाळ्याआधी नाशिकनं अशीच एक चाचणी घ्यावी. महापालिका, जिल्हा प्रशासन आणि शहरातले प्रोव्हायडर यांनी एक रविवार ठरवावा, पहाटे चारची वेळ, लोकांना आधी सांगून. मुंबईकडच्या अपलिंक पंधरा मिनिटं काढाव्यात, आणि शहरातून शहरात कोणाचा फोन कोणाला लागतो ते लिहून घ्यावं. सिव्हिलचा अग्निशमनला, घाटावरच्या चौकीचा नियंत्रण कक्षाला. जे निघेल ते जसंच्या तसं जाहीर करावं. मी त्या वेळी इंदिरानगरातून पंचवटीला लावीन. आई पहाटे चारला उठलेलीच असते.